लाल किल्ली, लाल दार

गेले सात-आठ वीकेंड मी गेम खेळण्यात घालवले. आमच्या घरात याला 'लॅपटॉपवर काम चालू आहे' असं म्हणतात. चार गेम झाले. म्हणजे दोन पूर्ण झाले, एक अर्धा झाला आणि एक या जन्मात पूर्ण होईल असं वाटत नाही. डस्क आणि आयन फ्युरी हे जुन्या वळणाचे शूटर, स्काल्ड आणि बाल्डर्स गेट ३ हे तलवारी-जादूटोणा-राक्षसवाले रोलप्लेइंग गेम, ज्यांना आपण सोयीसाठी आरपीजी म्हणू. यातला एकही ताजा नाही. सेल लागल्याशिवाय माझा हात खिशाकडे जात नाही.

हे सगळं एकट्याने खेळलो असतो तर त्यावर लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. पण सोबत एक मित्र होता. शाळेपासूनचा. 'नाव घातलंस तर बघ' असं त्याने बजावलंय, म्हणून नुसता मित्र. तो चाकणला एका मशीन शॉपमध्ये आहे, सीएनसीवर. आम्ही राहतो एकाच शहरात, त्याचं घर मोशीला आणि माझं चिंचवडला, आणि तरी आम्ही वर्षातून दोनदा भेटलो तर खूप. कारण साधं आहे. त्याची सुट्टी गुरुवारी आणि माझी शनिवार-रविवार. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून देण्यासाठी वार ठरले, त्यातला हा आमच्या वाट्याला आलेला. लहानपणी मला वाटायचं की सगळ्या जगात बाबा लोक गुरुवारीच घरी असतात.) त्यामुळे जमलं तर एकच वेळ जमते: त्याची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यातली शनिवार संध्याकाळ. तीनला सुटतो, चाकणचं ट्रॅफिक खातो, घरी जाऊन अंघोळ करतो आणि सातच्या सुमारास वडापावची पुडी घेऊन हजर.

आता जरा मागे जावं लागेल.

सन २००० च्या आसपास चिंचवड स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू. तासाला तीस रुपये. आमच्या दोघांचे मिळून कधी वीस व्हायचे, कधी तीस. नेट वापरण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं, कोणाला मेल करणार? आम्ही डूम खेळायचो. मालकाने कुठून तरी सीडीवरून टाकलेला. आयडी सॉफ्टवेअरचा डूम आला १० डिसेंबर १९९३ ला, म्हणजे आमच्यापर्यंत पोचेपर्यंत तो म्हातारा झाला होता, पण ते आम्हाला कुठे माहीत. एका तासाचे पैसे आणि दोन माणसं, त्यामुळे एकच कीबोर्ड वाटून घेतला होता. बाणांच्या किल्ल्या त्याच्याकडे, तो चालणार आणि वळणार. कंट्रोल आणि स्पेसबार माझ्याकडे, मी गोळ्या घालणार आणि दारं उघडणार. डूममध्ये वर-खाली बघता येत नाही, नेम उभ्या रेषेत गेम स्वतःच धरतो, त्यामुळे ही वाटणी खरंच चालायची. आजचा कुठलाही शूटर असा दोघांत खेळून दाखवा.

दोघंही मराठी माध्यमातले. पण डूमला त्याने काही फरक पडत नव्हता. दुसऱ्याच लेव्हलला एक लाल किल्ली लागते. दाराच्या कडेला लाल पट्टी. लाल किल्ली आणा, लाल दार उघडा. यात कोणाला काय समजावून सांगायचं? निळी असेल तर निळं, पिवळी असेल तर पिवळं. पडद्यावर वर एक ओळ इंग्रजीत यायची, ती आम्ही कधी वाचलीच नाही.

एक ओळ मात्र वाचायला हवी होती. पहिल्या भागाच्या शेवटी दोन दांडगे राक्षस मारले की तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत जाता आणि मरता. हमखास. तोच त्या भागाचा शेवट आहे. त्यानंतर एक लांबलचक मजकूर येतो, त्यात लिहिलंय की पुढची गोष्ट पुढच्या दोन भागांत आहे. डूमची विक्रीच तशी होती, पहिला भाग फुकट वाटा आणि बाकीचे दोन विकत घ्या. आम्ही तो मजकूर एंटर मारून घालवायचो आणि समजायचो की आपलंच काहीतरी चुकतंय. तो म्हणायचा तू गोळ्या उशिरा घातल्यास, मी म्हणायचो तू डावीकडे वळायला हवं होतंस. त्या अंधाऱ्या खोलीवर आमचे किमान दोनशे रुपये गेले असतील. :-)

तर डस्क. डेव्हिड शिमान्स्की या माणसाने बराचसा एकट्याने बनवलेला, आणि बाहेर आला १० डिसेंबर २०१८ ला, डूमला बरोब्बर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी. सुरुवातीला तुम्ही एका तळघरात असता, हातात दोन विळे, आणि समोरून चेनसॉ घेऊन तीन माणसं येतात. (विळे बघून मित्र म्हणाला, 'हा आपल्याच पोलीस स्टेशनच्या हद्दीतला दिसतोय.') मग बाहेर शेतं, धान्याची कोठारं, चर्च, सगळं चौकोनी, ओबडधोबड, मातकट. माणसांची तोंडं दहा-बारा त्रिकोणांत उरकलेली. आणि वेग! पळताय की घसरताय कळत नाही. उडी मारून हवेतल्या हवेत वळता येतं. प्रत्येक लेव्हलमध्ये कुठेतरी एक साबणाची वडी लपवलेली असते, ती ज्याला फेकून मारली तो एका फटक्यात खलास, मग तो कितीही मोठा असो. असला पोरकटपणा हल्ली कोट्यवधी डॉलरच्या गेममध्ये कोणी करत नाही, करायला मीटिंगमध्ये मंजुरी मिळणार नाही.

मला डस्क प्रचंड आवडला. मित्राने तीन लेव्हल खेळून एक वाक्य टाकलं: 'ही नवीन चेतक आहे.'

हे पिंपरी-चिंचवडबाहेरच्यांना सांगायला लागेल. चेतक स्कूटर १९७२ ची, आकुर्डीची. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांचं लहानपण तिच्या पुढच्या जागेत उभं राहून गेलं. २०२० साली त्याच नावाची इलेक्ट्रिक चेतक आली. तोच गोलाई धरलेला घाट, तोच पत्रा, बघताक्षणी ओळखू येते. पण जुनी चेतक सकाळी चालू होत नसे. बाबा तिला कडेवर आडवी करायचे, मग उभी करून किका मारायचे, मग प्लग काढून पुसायचे, आणि हे सगळं होईपर्यंत कंपनीची वेळ होत आलेली. नवीन चेतकला किकच नाही. 'आडवी करायला लागत नाही ती चेतक कसली?' असं त्याचं म्हणणं.

त्याचा मुद्दा बिनतोड आहे. खरा डूम ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा होता आणि सेकंदाला पस्तिसाच्या वर चित्रं दाखवतच नसे, आणि आमच्या सायबर कॅफेत तेवढीही दिसायची नाहीत. डस्क जुना दिसतो, पण चालतो लोण्यासारखा. पण मी म्हणतो, असेना का! आठवणीतली स्कूटर पहिल्या किकेला सुरू होते. डस्कने आठवणीतली स्कूटर बनवली, हे सोपं काम नाही.

आयन फ्युरी (२०१९) याच्या उलट आहे. हा जुन्यासारखा नाही, हा आतून जुना आहे. केन सिल्व्हरमनचं बिल्ड नावाचं इंजिन, ज्यावर १९९६ साली ड्यूक न्यूकेम थ्रीडी झाला, त्याच्याच पुढच्या आवृत्तीवर हा केलेला. (आधी याचं नाव आयन मेडन होतं. आयर्न मेडन बँडने दावा ठोकला, मग नाव बदललं.) इथे मित्र एकदम खूश. 'रिट्रोफिट!' भोसरीत जुन्या मशीनचं बीड आणि स्पिंडल तेच ठेवून नवीन कंट्रोलर बसवतात, ते त्याचं आवडतं काम. बिल्ड इंजिनला खोलीवर खोली सरळ रचता येत नाही, ते भासवायला नाना खटपटी कराव्या लागतात, आणि तरी या लोकांनी त्यात अख्खी शहरं उभी केलीत. इंजिनियर म्हणून टोपी काढतो. खेळणारा म्हणून सांगायचं तर लेव्हल जाम लांब आहेत. एका ठिकाणी मी कीकार्ड शोधत पाऊण तास फिरलो. दार दिसतंय, रंग दिसतोय, कार्ड मिळत नाही. शेवटी मित्राला ते एका व्हेंटच्या आत दिसलं. शूटरमध्ये तो अजूनही माझ्यापेक्षा चांगला आहे. रोज दहा मायक्रॉनचा फरक बघणाऱ्या माणसाचे डोळे आणि दिवसभर एक्सेल बघणाऱ्याचे डोळे, फरक असणारच.

आता आरपीजी. इथून पुढचं लिहायला मला थोडं जड जातंय.

२००१ मध्ये मला कोणीतरी पहिल्या बाल्डर्स गेटच्या सीड्या दिल्या. गेम १९९८ चा, पाच सीड्यांचा. तोवर आमच्या घरी कॉम्प्युटर आला होता. मित्र नेहमीप्रमाणे शेजारी खुर्ची टाकून बसला. पण या गेमची दारं रंगाने उघडत नाहीत. इथे माणसं बोलतात. पानंच्या पानं बोलतात. आणि तुम्ही काय उत्तर देता त्यावर पुढचं ठरतं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळायचो. दोन-तीन महिन्यांनी डिक्शनरीची गरज कमी झाली, वर्षभरात संपली. खोटं कशाला बोलू, माझं इंग्रजी कॉलेजने नाही, त्या गेमने सुधारलं. पहिल्या इंटरव्ह्यूत जे काही सुचलं त्यातलं अर्धं कुठल्यातरी चेटकिणीच्या तोंडचं होतं.

मित्र हळूहळू यायचा बंद झाला. त्याने आयटीआयला ॲडमिशन घेतली होती, वेळ नसेल, असं मी धरून चाललो. चोवीस-पंचवीस वर्षं धरून चाललो.

स्काल्ड मी एकट्यानेच खेळलो. २०२४ चा, नॉर्वेतला, पण दिसायला थेट कमोडोर ६४ च्या जमान्यातला. मोजके रंग, बोटाएवढी माणसं, आणि उरलेलं सगळं मजकुरात. एका बेटावर काहीतरी अभद्र घडतंय आणि तुम्ही जहाज फुटून तिथे येऊन पडता. चित्र इतकं कमी दाखवतं की भीती वाचूनच वाटते, आणि चांगलीच वाटते. रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो तर पॅसेजमधला दिवा लावूनच गेलो. मित्राला दाखवायचा विचारसुद्धा मनात आला नाही. हे तेव्हा लक्षात आलं नाही, आता लिहिताना येतंय.

बाल्डर्स गेट ३ (बेल्जियमच्या लॅरियनचा, ऑगस्ट २०२३) मात्र त्यानेच लावायला लावला. त्याच्या मुलाने यूट्यूबवर बघितला होता. एक शनिवार नायक बनवण्यात गेला, नाकाचा आकार ठरवायलाच वीस मिनिटं. दुसऱ्या शनिवारी आम्ही जंगलातल्या त्या वस्तीत पोचलो. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत असेल: निर्वासित कुटुंबं आश्रयाला आलीत, वस्तीवाल्यांना ती नकोत. त्यातल्या एका लहान मुलीने वस्तीची पवित्र मूर्ती चोरलीय. वस्तीची सध्याची म्होरकी तिला पकडून उभी आहे, आणि तिचा विषारी साप मुलीसमोर फणा काढून.

मी नेहमीसारखं सांगितलं, 'पोरीने मूर्ती चोरली. ही बाई तिला शिक्षा करतेय. सोडवायला भांडायचं की आपण मध्ये पडायचं नाही?'

तो म्हणाला, 'पोरगी काय म्हणाली?'

'काही नाही रे, रडतेय.'

त्याने खिशातून फोन काढला, भाषांतराचा कॅमेरा चालू केला आणि पडद्यासमोर धरला. हे तो कामावर करतो, इंपोर्टेड मशीनच्या मॅन्युअलवर. फोनवर मराठी अक्षरं थरथरत उमटली. वाक्यं मोडकी होती, पण पर्याय मोजता येत होते. दोन नव्हते. पाच होते.

'तू दोनच सांगितलेस.'

मी म्हणालो, बाकीचे तसेच आहेत, वेळ वाचवत होतो.

'अरे, मग गेम तू खेळतोयस. मला फक्त स्टोरी सांगतोयस.' जरा थांबून म्हणाला, 'तेव्हापण हेच करायचास. वाचायचास, एकटाच हसायचास, आणि दोन मिनिटांनी मला सांगायचास काय झालं ते.'

मी आयटीआयचं काहीतरी बोललो. तो म्हणाला, 'आयटीआय सकाळची होती.'

त्याला इंग्रजी येत नाही असं अजिबात नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे. ड्रॉइंग वाचतो, कंट्रोलरचे अलार्म वाचतो, ऑडिटर आला की त्याच्याशी बोलतो. पण अलार्म एक ओळीचा असतो आणि मशीन तुमच्यासाठी थांबलेली असते. गप्पांचं इंग्रजी, टोमण्यांचं इंग्रजी, पाच उत्तरांतलं आपल्या स्वभावाचं कुठलं हे सेकंदात ठरवायचं इंग्रजी, ते वेगळं. आणि आरपीजी म्हणजे तेवढंच तर असतं.

त्या रात्री तो गेल्यावर मी बाल्डर्स गेट ३ ची भाषांची यादी उघडून बघितली. बरीच मोठी आहे. पोलिश आहे, तुर्की आहे, युक्रेनियन आहे. भारतातली एकही नाही. पोलिशची तर गंमत आहे. पहिला बाल्डर्स गेट १९९९ साली पोलंडमध्ये आणला तो सीडी प्रोजेक्ट नावाच्या एका वितरकाने. बाजारात चोरीच्या सीड्यांचा सुळसुळाट, अगदी आपल्यासारखाच. त्यांनी काय केलं, तर अख्खा गेम पोलिशमध्ये केला, नावाजलेल्या नटांकडून आवाज करून घेतले आणि भरगच्च खोक्यात घालून विकला. तुफान चालला. त्याच कंपनीने पुढे २००७ मध्ये स्वतःचा विचर काढला. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत आहे. मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेत ८.३ कोटी होते. 'मार्केट नाही' हे वाक्य मी स्वतः ऑफिसमध्ये शंभर वेळा म्हटलंय, त्यामुळे जास्त बोलत नाही. पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने राजी केला, २०२० मध्ये. त्याआधी २०१७ ची किकस्टार्टरवरची पैसे उभारायची मोहीम फसली होती, तरी केला. त्याला नंतर हिंदी आवाजही दिले. राजी आरपीजी नाही, पण मित्राला तो हिंदीत लावून दिला तेव्हा तो दोन तास माझ्याशी बोलला नाही, यातच काय ते समजा.

पुढच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आला. वडापाव घेऊन आला. माउस स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाला, 'वाच. सगळं. गाळायचं नाही.'

मंडळी, हे भयंकर अवघड आहे. इंग्रजीत सगळे एकमेकांना 'यू' म्हणतात. मराठीत पहिल्या वाक्यालाच अडलो. ती म्होरकी आमच्या नायकाला अरे-तुरे करेल की अहो-जाहो? मी अहो-जाहो केलं तर मित्र म्हणाला, छे, ही शॉपमधल्या नवीन सुपरवायझरसारखी आहे, ही सगळ्यांना अरे-तुरेच करणार. लाएझेल नावाची एक हिरवट योद्धी आहे आमच्यात, ती देवालाही तू म्हणेल यावर लगेच एकमत झालं. गेल हा जादूगार मात्र तुम्ही. तो अस्सल सदाशिव पेठी निघाला, प्रत्येक वाक्यात स्वतःची पदवी. गॉब्लिनांना मित्राने परस्पर पीएमटीच्या कंडक्टरची भाषा देऊन टाकली. 'सेव्हिंग थ्रो'चं फोनने 'बचत फेक' केलं होतं, ते आम्ही तसंच ठेवलंय. तीन तासांत आम्ही जेमतेम पंधरा मिनिटांचा गेम पुढे गेलो. गेममधले विनोद मी आधी एकदा वाचले होते, पण मोठ्याने मराठीत सांगायला लागल्यावर त्यातले निम्मे विनोद नव्हतेच असं लक्षात आलं. आणि दोन-तीन ठिकाणी जे नुसतं क्लिक करून पुढे गेलो असतो, तिथे वाक्य म्हणता म्हणता माझाच आवाज बसला.

मग आम्ही त्या मुलीपाशी परत आलो. मी पाचही पर्याय वाचले. मुलगी काय म्हणाली तेही. त्याने बराच वेळ घेतला. मग म्होरकीला समजावून सांगायचा पर्याय निवडला. भांडण नाही, धमकी नाही. यात वीस बाजूंचा फासा पडतो. पडले तीन.

मुलगी घाबरून पळायला गेली. साप चावला. ती मेली.

माझं बोट आपोआप एफ-आठकडे गेलं. तिथून आधीचा सेव्ह उघडतो, परत फासा टाकता येतो, लागेल तितक्या वेळा. मी कुठलाही आरपीजी असाच खेळत आलोय. त्याने माझा हात धरला.

'राहू दे.'

'अरे, फुकट मेली ती. आत्ता परत—'

'राहू दे म्हटलं ना. माझ्या हातून झालंय.'

थोडा वेळ दोघं गप्प बसलो. मग त्याने घड्याळ बघितलं. रविवारीही फर्स्ट शिफ्ट, पावणेसहाला कंपनीची बस मोशीच्या चौकात. तो गेल्यावर मी सेव्ह केला आणि झोपलो. फासा परत टाकला नाही, शपथेवर सांगतो.

गुरुवारी दुपारी मी ऑफिसात एका कॉलवर होतो. त्याला सुट्टी. व्हॉट्सॲपवर मेसेज आला: 'त्या पोरीचे आईबाप बाहेर उभे आहेत ना अजून. मी आल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नको.'